आमच्या घरात ब्रेड विकत नसतात

घरात नवी वस्तू आली की खोक्यातून दोन गोष्टी निघतात. एक वॉरंटी कार्ड आणि दुसरे किस्से. वॉरंटी वर्षभरात संपते, तीही बहुतेक वस्तू बिघडायच्या आदल्या आठवड्यात. किस्से मात्र वाढतच जातात. आमच्याकडे पाहुणा आला, चहा ठेवला, की कोणीतरी म्हणतंच, "ते मशीनचं सांग की!" मग सगळे पोट धरून हसतात. आता मीही हसते. पण हे सगळं घडत होतं तेव्हा मी हसत नव्हते, दात-ओठ खात होते. म्हणून आज माझ्या बाजूनं सांगते.

मी परभणीला राहून फूड टेक्नॉलॉजी शिकले आणि पालमला घरी परत आले. पालमला ब्रेड येतो तो बाहेरगावाहून टेम्पोतून, आणि दुकानात पोचेपर्यंत त्याचं निम्मं आयुष्य सरलेलं असतं. ताजा, गव्हाच्या पिठाचा ब्रेड इथं कोणी करत नाही. मी करणार होते आणि घरून विकणार होते. स्वतःचं काम, स्वतःच्या नावावर. एवढंच! बेकरीचं ओव्हन परवडणार नव्हतं, म्हणून ऑनलाइन सेलमधलं सगळ्यात स्वस्त ब्रेड मशीन मागवलं. दिसायला बादलीएवढं. आत एक भांडं, भांड्याच्या तळाला पातं, वर काचेची खिडकी असलेलं झाकण. पीठ, पाणी, यीस्ट, मीठ, साखर घालायची आणि बटण दाबायचं. मळणं, फुगवणं, भाजणं सगळं ते करतं. अट एकच. चारेक तास त्याला हात लावायचा नाही.

हात लावायचा नाही! आमच्या घरात!

आमचं घर म्हणजे तात्या, बाबांचे मोठे भाऊ आणि घरातला शेवटचा शब्द. मोठी आई, म्हणजे तात्यांची बायको. आणि माझे आई-बाबा. घरात काही ठरायची वेळ आली की आई-बाबा भिंतीवरच्या कॅलेंडरसारखे होतात. दिसतात, पण बोलत नाहीत.

*

मशीन आलं त्या दिवशी मी पीठ चाळून, पाणी मोजून तयार बसले होते. तात्या म्हणाले, "थांब. लोखंडाची वस्तू हाय. पूजा झाल्याबिगर चालू करायची न्हाई."

ठीक आहे. ट्रॅक्टरची करतात, मोटारपंपाची करतात, माझ्या मशीनची केली तर माझं काय जातंय? मोठी आईनं हळद-कुंकू आणलं. आणि झाकणावरच्या काचेवर, बरोबर मधोमध, ठसठशीत कुंकवाचं स्वस्तिक काढलं.

"मोठ्याई, त्या काचेतून आतलं पीठ बघायचं असतं!"

"देवाला दिसतंय की. तू कशाला बघायलीस?"

तात्यांनी नारळ फोडला आणि ओंजळभर पाणी मशीनवर शिंपडलं, तेही हवा बाहेर जायच्या जाळीवर! मी ओरडले, फडक्यानं पुसलं, केसांच्या ड्रायरनं वाळवलं. तोवर अख्खी गल्ली जमली होती. तात्या सगळ्यांना मशीन दाखवत होते, जसं काही त्यांनीच बनवलंय.

शेवटी बटण दाबलं. आतलं पातं गरागरा फिरायला लागलं. तात्या कौतुकानं बघत राहिले आणि म्हणाले, "झ्याक! आता ह्याच्यात भाकर कर."

"तात्या, ह्यात भाकरी होत नाही. ब्रेड होतो."

"भाकर व्हत न्हाई?" त्यांनी जमलेल्या माणसांकडे बघितलं. "मग एवढी चार वर्षं परभणीला काय शिकली ही?"

*

पहिला ब्रेड चांगला झाला. खरंच चांगला! वास गल्लीच्या टोकापर्यंत गेला. आणि वासामागोमाग आली शेजारची गोदाकाकू. पदर डोक्यावर, चेहरा पडलेला.

"कोण आजारी हाय गं?"

"कोणी नाही. का?"

"मग बिरेड कामून आणला?"

आता हे बाहेरच्यांना सांगितलं पाहिजे. आमच्याकडे ब्रेड म्हणजे आजाऱ्याचं खाणं. धडधाकट माणूस भाकरी खातो. ताप आला, पोट बिघडलं, ऑपरेशन झालं की दूध-ब्रेड. दवाखान्यात कोणाला बघायला जायचं तर हातात ब्रेडचा पुडा. त्यामुळे घरात ब्रेड दिसला की माणसं आधी खाटेकडे बघतात.

मी गोदाकाकूला नीट समजावलं. मशीन दाखवलं. गरम तुकडा हातावर ठेवला. काकूनं खाल्ला, मान डोलावली आणि जाता जाता आईच्या कानाशी वाकून म्हणाली, "पोरगी सांगंना झाली, पर तुझं तोंड लय उतरलंय. जपून ऱ्हा माय."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा ब्रेड केला. तिसऱ्या दिवशीही. झालं! रोज ब्रेड म्हणजे दुखणं मोठं. बायका यायला लागल्या. कोणी शहाळं आणलं, कोणी मोसंबी, एकीनं तर अंगारा आणला. "आमाला कामून कळवलं न्हाई?" म्हणून वर रुसवा. आई प्रत्येकीला म्हणायची, "मला काही झालं न्हाई ओ," आणि प्रत्येकीला त्यातून कळायचं की फार मोठं काहीतरी झालंय. लहान दुखणं माणूस सांगतो, मोठं लपवतो!

आणि आलेल्या प्रत्येकीला चहा कोण करणार? आई. पोहे कोण करणार? आई. खुर्च्या कोण उचलणार, कपबश्या कोण विसळणार? आठवडाभर आई एका पायावर उभी. मी म्हणत होते, "आई, बस. त्यांना स्पष्ट सांग." पण स्पष्ट सांगायचं तर बसायला वेळ हवा ना!

आठवडा संपता संपता आईला सडकून ताप भरला. डॉक्टर घरी आले, नाडी बघितली, म्हणाले, "थकवा आहे. विश्रांती घ्या. दोन दिवस जड काही खाऊ नका."

"मग काय देऊ?" मोठी आईनं विचारलं.

"दूध-ब्रेड द्या."

गोदाकाकू दारातच उभी होती. तिनं माझ्याकडे असं बघितलं!

*

आमच्या स्वयंपाकघरात कामाचं असं एकच सॉकेट आहे. बाकीच्या दोन्हींत ठिणग्या उडतात. ते वायरमनला दाखवायचं गेल्या पोळ्यापासून ठरलेलं आहे.

आणि ब्रेडच्या कामात एक टप्पा असा असतो की मशीन गप्प असतं. मळून झालेलं पीठ आत उबेला फुगत असतं. आवाज नाही, हालचाल नाही. खरं काम तेव्हाच चालू असतं. शिवाय मशीन स्वस्तातलं. त्याला आठवण नाही. वायर निघाली की कुठवर आलो होतो ते विसरतं आणि परत पहिल्यापासून मळायला घेतं.

एकदा मी कपडे वाळत घालून खाली आले, तर सॉकेटला तात्यांचा मोबाइल!

"तात्या! मशीनची वायर कोणी काढली?"

"म्याच काढली. ते नुसतं बसलंय की. काय करायलंय?"

"पीठ फुगतंय!"

"फुगतंय ते त्याचं त्याचं फुगल. त्याला करंट कशाला?"

मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून मशीनवर चिकटवलं: 'गप्प असलं तरी चालू आहे. वायर काढू नये.' तात्यांनी चष्मा लावून वाचलं. मोठ्यानं वाचलं. मान हलवली. मला वाटलं, जिंकले!

दुसऱ्या दिवशी ब्रेड निघाला तो जात्याच्या पाळीसारखा. सुरीनं कापेना. मी तात्यांकडे गेले. ते म्हणाले, "म्या न्हाई काढली."

"तात्या, खरं सांगा."

"काढली व्हती, पर दोनच मिनिटं. शेतातून फोन यायचा व्हता. परत लावली की! लावल्या लावल्या भराभरा फिराया लागलं. उलटं म्या सुरू केलं म्हून बरं, तुझं तर बंदच पडलं व्हतं!"

फुगलेल्या पिठाला परत पात्यानं चेचलं, आणि वर उपकार! मी समजावलं की पिठाला मधे आराम द्यावा लागतो. तात्या हसले. "पिठाला आराम! ऐकलं का गं?" त्यांनी आत मोठी आईला हाक मारली. "आपल्या काळात बायांना नव्हता, आता पिठाला द्यायलेत!"

हे बोलून ते पलंगावर आडवे झाले. तात्या रोज जेवून आडवे होतात. गप्प असतात, हालचाल नसते. त्यांची वायर कोणी काढत नाही!

*

सॉकेटचा तिढा मी सोडवला. वायरमनला स्वतः जाऊन घेऊन आले. आता ब्रेड बिघडायचं काही कारण नव्हतं. तरी बिघडायला लागला. आणि कसा? वर चार खड्डे! एका ओळीत. मधोमध बसलेला, जसं कोणी आत गुद्दा घातलाय.

यीस्ट बदललं. पीठ बदललं. पाणी कोमट करून बघितलं. परत चार खड्डे. पुस्तकं काढली, वर्गातल्या मैत्रिणींना फोटो पाठवले. एक म्हणाली, यीस्ट जास्त होतंय. दुसरी म्हणाली, मीठ कमी पडतंय. शेवटी कंपनीच्या कस्टमर केअरला फोन केला. तिकडून एक पोरगी मराठीत बोलत होती. मी तिला झाप झाप झापलं. "मशीनमध्ये डिफेक्ट आहे. बदलून द्या. नाहीतर ग्राहक मंचात जाते!" ती बिचारी 'हो मॅडम, तक्रार नोंदवते मॅडम' करत राहिली.

त्या दिवशी मी ठरवलं, मशीनसमोरून हलायचंच नाही. दाराआड स्टूल टाकून बसले. मशीन गप्प झालं. पीठ फुगून काठाला आलं. तेवढ्यात मोठी आई आली. इकडंतिकडं बघितलं. हात धुतले. झाकण उघडलं, आणि त्या फुगलेल्या, नाजूक, हवेनं भरलेल्या पिठात चार बोटं खुपसली!

"मोठ्याई!"

ती दचकली नाही की लाजली नाही. बोटं पुसत म्हणाली, "काय झालं वरडायला?"

"हे काय केलंत?"

"कणकीचा गोळा असा गुळगुळीत ठिवत न्हाईत. पिंडागत दिसतंय. बोटं उमटवावी लागतेत. तुला कुणी शिकवलं न्हाई का?"

मी लहानपणापासून बघत आलेय. आई कणीक मळते, वर बोटं दाबते आणि मग झाकते. पण ते चपातीच्या कणकेला! मी सांगायला लागले, पिठातला वायू, जाळी, दाब... मोठी आईनं मला हातानंच थांबवलं.

"तू शिकलेली. तुझ्या ध्यानात ऱ्हात न्हाई. म्हून म्या रोज आठवणीनं करायले. एक दिवस चुकले न्हाई."

रोज! आठवणीनं!

रागानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण तक्रार मागं घेणं भाग होतं. परत कस्टमर केअरला फोन लावला. तीच पोरगी. मी खालच्या आवाजात सगळं सांगितलं, बोटं, पिंड, मोठी आई, सगळं.

मग ती म्हणाली, "मॅडम, रेकॉर्डिंग चालू आहे, पण सांगते. आमच्या घरी पण मशीनला असंच व्हायलंय. मला आत्ता कळलं!"

*

मोठी आईशी मी तह केला. मळून झाल्या झाल्या, फुगायच्या आधी, तिनं बोटं उमटवायची. मग झाकण बंद. तिचं समाधान, माझा ब्रेड. ब्रेड असा सुरेख व्हायला लागला की बास! आता विकायचा.

पण विकणार काय? ब्रेड उरेल तर ना! तात्या सकाळी अंघोळ करून, टोपी घालून, ब्रेड पिशवीत टाकून निघायचे. एक तहसीलमधल्या ओळखीच्याला. एक बँकेतल्या साहेबाला. एक कंडक्टरच्या हाती राणीसावरगावच्या सोयऱ्यांना. "आमच्या पोरीनं घरी केलाय. खाऊन बघा!" कौतुकाला तोटा नाही. गल्लीतल्या पोरांच्या शिकवण्या मी घ्यायचे, पीठ त्या पैशाचं, मेहनत माझी, आणि वाहवा तात्यांची!

एक दिवस मी वाट अडवली. "तात्या, उद्यापासून फुकट नाही. मी विकणार आहे."

तात्यांनी पिशवी खाली ठेवली. आई-बाबांचं लगेच कॅलेंडर झालं.

"काय म्हणलीस?"

"विकणार. लोकांना आवडतोय. घेतील."

"आपल्या घरानं कधी अन्न इकलं न्हाई. दारी आलेल्याला वाढलं, इकलं न्हाई. घरातली पोरगी पाव इकाया बसली तर इज्जत काय ऱ्हायली?"

"तुमी सोयाबीन विकता. तूर विकता."

"तो माल हाय."

"दूध विकता!"

"दूध डेअरीला घालतो. घालणं येगळं."

मी माझा हुकमाचा पत्ता काढला. "बरं. तुमीच रोज म्हणता की ब्रेड म्हणजे काही जेवण नव्हं, ब्रेडनं पोट भरत न्हाई. म्हणजे ब्रेड अन्नच नाही! मग विकला तर काय बिघडलं?"

तात्या एक क्षण अडकले. खरंच अडकले. मी मनातल्या मनात टाळी पिटली.

मग त्यांनी पिशवी उचलली. "अन्न न्हाई तर इकत कोण घेईल येडे?" म्हणाले, आणि ब्रेड वाटायला निघून गेले.

*

मी गप्प बसणारी नाही. व्हॉट्सॲपला स्टेटस टाकलं. ब्रेडचा झकास फोटो, खाली: 'घरगुती, ताजा, गव्हाचा ब्रेड मिळेल. ऑर्डरसाठी संपर्क करा.'

पहिला फोन आला वालूरच्या मामांचा. आईचे थोरले भाऊ. मला वाटलं, पहिली ऑर्डर!

"पोरी, घरी सगळं ठीक हाय ना?"

"हो मामा. का?"

"न्हाई, स्टेटस बघितलं. तात्यांच्या तोंडावर विचारता येत न्हाई. पिकाचं काही कमीजास्त झालं का? कुणाला काही द्यायचंय का?"

"मामा, मी ब्रेड विकतेय!"

"तेच म्हणतो माय. ही वेळ कामून आली?"

अर्धा तास मी मामांना सांगत होते की वेळ वगैरे काही आली नाही, मला आवड आहे, मी शिकलेय, मला काम करायचंय. मामा 'हां, हां' म्हणत होते. आवाज मात्र भरून आलेला. माझ्या जागी मुलगा असता आणि त्यानं स्टेटसला दुकान टाकलं असतं, तर ह्याच मामांनी पेढे मागितले असते. मुलगा काहीतरी विकतो तेव्हा तो धंदा असतो. मुलगी विकते तेव्हा घरावर संकट असतं!

दोन दिवसांनी एसटीनं मामांनी ज्वारीचं पोतं पाठवलं. स्टँडवरून हमालानं ते भर बाजारातून, सगळ्यांच्या देखत, आमच्या दारात आणून टाकलं. पोत्यावर चिठ्ठी: 'तात्यांना संकोच नको. आपलंच समजावे.'

तात्यांनी चिठ्ठी वाचली. दोनदा वाचली. त्यांच्या रानातलीच ज्वारी घरात ठेवायला जागा नव्हती! त्यांचा चेहरा बघून बाबा चक्क घराबाहेर निघून गेले.

"आत्ताच्या आत्ता ते स्टेटस पूस," तात्या म्हणाले.

पुसलं नाही मी. पण ऑर्डर एकही आली नाही. ज्यांनी ज्यांनी बघितलं, त्यांना तात्यांनी आधीच फुकट खाऊ घातला होता. ते कशाला विकत घेतील?

*

आणि आता उन्हाळ्यातला किस्सा.

पिकं निघून रानं मोकळी झाली की आमच्या भागात मेंढ्यांचे कळप उतरतात. शेतकरी कळपाला आपल्या रानात बसवून घेतो. रात्रभर मेंढ्या बसल्या की लेंड्या पडतात, आणि त्याच्यासारखं खत नाही. बदल्यात मेंढपाळाला ज्वारी द्यायची. ही जुनी रीत. पण आता कळप कमी झालेत आणि रानं तेवढीच. त्यामुळे एकेका कळपासाठी ओढाताण. ह्या वर्षी आमच्या शिवारात एकच कळप आला. कोंडाबाई आणि तिच्या नवऱ्याचा. नवरा मेंढ्यांमागं, आणि बोलणी सगळी कोंडाबाईशी.

तात्या सकाळीच बोलणी करायला गेले. त्यांचा डबा घेऊन मी मागून गेले. माझ्या डब्यात ब्रेड होता. कोंडाबाई तीन दगडांच्या चुलीपाशी बसलेली. तात्या म्हणत होते, "जवारी देतो की. कमी देतो का म्या?"

"मालक, जवारी समदेच द्यायलेत. पल्याडचे बापूराव तुमच्यापरीस जादा द्यायलेत. घोड्यावर न्हेऊन न्हेऊन किती न्हेऊ? आज इथं बसलो, उद्या त्येंच्या रानात जाऊ."

बापूराव म्हणजे तात्यांचे बांधाला बांध असलेले शेजारी. बापूरावांच्या रानात खत पडणार आणि आपलं कोरडं राहणार! तात्यांच्या कपाळावर आठ्या चढल्या.

कोंडाबाईनं मला चहा दिला. मी ब्रेडचा तुकडा मोडून चहात बुडवला. तिनं बघितलं. मी तिला दिला, तिच्या पोरींना दिला. कोंडाबाईनं खाल्ला. परत मागितला.

"कोण केलाय?"

"मी."

"किती दिस टिकतंय?"

"उन्हाळ्यात दोन दिवस. जपून ठेवला तर."

तिनं चुलीकडे बघितलं, मग पोरींकडे. "आमाला पाटंच निघावं लागतंय. त्या वक्ताला भाकरी थापायच्या म्हणजे हाडाची काडं. हे बरं हाय. चहात बुडवला की काम झालं." आणि तात्यांकडे वळून म्हणाली, "मालक, जवारी ऱ्हाऊ द्या. ह्या पोरीच्या हातचा ब्रेड द्या रोज. ब्रेड येतोय तवर मेंढरं तुमच्याच रानात बसत्याल."

तात्यांनी विचार करायला श्वासभरही वेळ घेतला नाही. "अवो ब्रेडचं काय, रोज देतो! घरचाच हाय!"

मोटारसायकलवर घरी येईपर्यंत तात्या गाणं गुणगुणत होते. खालचं रान आधी, मग विहिरीकडचं. घरात शिरल्या शिरल्या मला म्हणाले, "लाग कामाला. आज दोन कर. उद्यापसून तीन."

"नाही."

"काय न्हाई?"

"ब्रेड नाही. आपल्या घरात अन्न विकत नसतात, तात्या."

"इकायचं कुठं हाय? कोंडाबाईला द्यायचाय."

"मग द्या ना. तिच्या मेंढ्या रानात न बसवता द्या. दारी आलेल्याला वाढल्यासारखा."

मोठी आई भाजी निवडत होती. तिचा हात थांबला.

"आगं, ती अदलाबदल हाय," तात्या म्हणाले. "रीत हाय ती."

"पीठ माझं, यीस्ट माझं, दिवस माझा. आणि खत तुमच्या रानात. ह्याला कसली अदलाबदल म्हणायची?"

तात्यांनी बाबांकडे बघितलं. बाबांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "पोरगी बरोबर बोलायली, दादा." आयुष्यात पहिल्यांदा!

तात्या तरातरा ओसरीवर जाऊन बसले. मीही मशीनपुढं बसून राहिले, रिकाम्या. ऊन उतरायला लागलं तसा तात्यांचा मोबाइल वाजला. आमच्या सालगड्याचा फोन. आवाज एवढा मोठा की मला आतपर्यंत ऐकू आला: "तात्या, बापूराव येऊन बसलेत कोंडाबाईपाशी. दुकानातले ब्रेडचे पुडे घेऊन आलेत! पर ती म्हणायली, ह्यो न्हाई, तो पोरीचा पायजे. दिवस मावळंपर्यंत वाट बघते म्हणली, मग जाती त्येंच्या रानात."

तात्या उठले. टोपी घातली. दारापर्यंत गेले. तिथून परत फिरले आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन उभे राहिले. सकाळचा केलेला ब्रेड माझ्यामागं कपड्यात गुंडाळलेला होता. त्यांनी तो बघितला.

"काय भाव हाय?"

मी भाव सांगितला. कोणालाही सांगितला असता तोच.

तात्यांनी खिशात हात घातला. पाकीट काढलं. उघडलं. आणि गंगाखेडच्या बाजारात कापड-दुकानदाराकडे बघतात ना, तसं डोळे बारीक करून माझ्याकडे बघितलं.

"घरच्या माणसाला काई कमी लावत न्हाईस का?"